कागदी डॉक्टरांचे शुद्धिपत्र

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक डॉक्टरबाई राहतात, असे कुणी पाहुण्याला सांगितले, की तळमजल्यावरच्या काकू दारातूनच दुरुस्ती करीत. "डॉक्टर आहेत, पण कागदी," त्या म्हणत. "मला खोकला झाला म्हणून धापा टाकत वर चढून गेले, तर म्हणाल्या, 'मी पेशंट बघत नाही.' अहो, मग काय बघता? तर म्हणे, 'जंतू.' आता जंतूंना का डॉक्टर लागतो? त्यांना काय धाड भरलीय?" जिन्यात उभे असलेले सगळे हसत. मग दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर भर घालीत, "बाई लिहितात, वडील तपासतात. दुकान थाटलंय, पण विकायला काहीच नाही." आणि काकूंचा शेवटचा सवाल ठरलेला असे: "कागदानं कधी कुणी बरं झालंय का?"

'कागदी डॉक्टर' हे नाव असे पडले आणि चिकटले. पेपर टाकणारासुद्धा "कागदी डॉक्टरांचा पेपर" असेच म्हणू लागला. ते बाईंच्या कानावर गेले नसेल असे नाही. पण त्यांनी त्याचे वाईट वाटून घेतल्याचे कधी दिसले नाही. आम्ही दोघे भाऊ खेड्यातून शहरात आलेलो. आमच्याही समजुतीत डॉक्टर म्हणजे सुई टोचणारा माणूस. त्यामुळे काकूंच्या हसण्यात आमचेही हसू मिसळलेले असे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

बाई मोठ्या सरकारी रुग्णालयात, मागच्या बाजूच्या बैठ्या इमारतीतल्या जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करीत. तिथे रुग्णांचे रक्त बाटल्यांतून येते, त्या बाटल्या एका उबदार कपाटात ठेवतात, आणि रक्तात जंतू असेल तर तो त्यात वाढून बाटली गढूळ होते. बाईंचा अभ्यास हृदय आणि संसर्ग यांच्या सीमेवरचा होता. अंगातला ताप हृदयाच्या झडपेपर्यंत पोहोचला आहे की नाही, हे वेळेत ओळखायचे कसे, या एकाच प्रश्नाभोवती त्यांचे सगळे लेख फिरत. दर वर्षी एखाददुसरा लेख परदेशी नियतकालिकात छापून येई. त्याचे नाव लेखाच्या पहिल्या परिच्छेदाएवढेच लांब असे.

त्यांच्या घरात बैठकीच्या खोलीला भिंती होत्या की नाही, हे सांगणे अवघड होते. जिथे भिंत असायची तिथे कागद होते. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी बांधलेले लेखांचे गठ्ठे फळ्यांवर उभे असत. खिडकीपाशी बाईंचे टेबल, आणि दिव्याखाली वडिलांची वेताची खुर्ची. वडील आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाले तरी हातातली लाल पेन्सिल निवृत्त झाली नव्हती. जिन्याखालच्या फळ्यावर सेक्रेटरींनी लावलेल्या पाण्याच्या नोटिशीवर त्यांनी एकदा छापखान्याच्या रिवाजाने 'पुन्हा जुळवावे' असा शेरा मारला होता. तेव्हापासून इमारतीत त्यांचे नाव कानामात्रा. लेकीचा प्रत्येक लेख छपाईला जाण्याआधी आणि छापून आल्यावर ते पट्टी ठेवून वाचत. त्यातले वैद्यक त्यांना कळत नसे. पण आधी होते आणि नंतर नाही, किंवा आधी नव्हते आणि नंतर आले, असे एकही अक्षर त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

बाईंच्या लेखांची एक रीत होती. लेखाच्या शेवटी आभाराची चार वाक्ये असतात. तिथे मोठमोठ्या प्राध्यापकांची नावे घालतात. बाई तिथे रक्त काढणाऱ्या परिचारिकांचे, बाटल्या धुणाऱ्या बाईंचे आणि वॉर्डातून प्रयोगशाळेत बाटल्या नेणाऱ्या शिपायाचे आभार मानीत. संपादक ते गाळायला सांगत, बाई ते पुन्हा घालीत. त्या शिपायाने असे एक पान कापून पाकिटात ठेवले होते. ते तो बघणाऱ्याच्या नाकापुढे धरी आणि म्हणे, "मी छापून आलोय. तुमचे साहेब आलेत का कधी?"

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, दुकानांच्या पाट्या रंगवतो. आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांचे कपाळ त्याच्या हाताचे आहे. छापील पाट्यांचे दिवस आले, तरी जुनी गिऱ्हाइके त्याला सोडत नाहीत, कारण त्याची शिरोरेषा. दोरी न लावता, एका श्वासात, या टोकापासून त्या टोकापर्यंत तो ती ओढतो आणि ती तसूभर हलत नाही. बाईंच्या दारावर पाटी नव्हती, हे त्याला फार खुपे.

"डॉक्टर, एक पाटी रंगवून देतो. माझ्यातर्फे," तो जिन्यात त्यांना गाठून म्हणे.

"नको, पेंटर. पाटी लावली की लोक येतात."

"लोक यावेत म्हणूनच तर लावतात!"

"म्हणूनच नको."

दादाच्या छातीत धातूची झडप आहे. लहानपणी घसा धरून आलेल्या तापाने त्याची मूळ झडप बिघडवली होती. पुढे ती बदलून घ्यावी लागली. नव्या झडपेचा आवाज येतो. खोली शांत असली की दादाच्या सदऱ्यातून मनगटी घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. "आमच्याकडे उशिरा यायची सोय नाही, वेळ मी छातीवर घेऊन फिरतो," असे तो गिऱ्हाइकांना सांगे. वहिनींना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की माहेरी गेल्यावर दादा सोबत नसला तर त्यांना झोप लागत नसे.

त्या वर्षी दादाला संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर भला माणूस. त्यांनी तपासले, धीर दिला, अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. ताप गेला. गोळ्या संपल्या तसा परत आला. मग जरा भारी गोळ्या. पुन्हा तेच. दादाची भूक मेली, गालफडे आत गेली. आणि एके दिवशी चष्म्याच्या दुकानाची पाटी रंगवून झाल्यावर वहिनींनी रस्त्याच्या पलीकडून पाहिले, तर शिरोरेषा मध्येच किंचित उतरली होती. दुकानदाराच्या ते लक्षातही आले नव्हते. वहिनी मात्र घरी येऊन म्हणाल्या, "भावजी, उद्या यांना मोठ्या दवाखान्यात न्यायचं. माझं ऐकणार नाहीत, तुम्ही चला."

आम्ही नेले, बाई काम करीत त्याच सरकारी रुग्णालयात. तिथे एक तरुण हृदयतज्ज्ञ नुकतेच रुजू झाले होते. त्यांनी मन लावून तपासले. छातीवरून हृदयाची सोनोग्राफी केली; धातूची सावली पडत असल्याने चित्र पुरते स्वच्छ आले नाही, पण दिसले त्यात वावगे काही नव्हते. रक्त कल्चरसाठी पाठवले. काही दिवसांनी अहवाल आला. अनेक बाटल्यांपैकी एकाच बाटलीत जंतू उगवला होता आणि तोही केसांच्या मुळाशी सगळ्यांच्याच कातडीवर असतो तसला, निरुपद्रवी. खाली शेरा होता: सुईबरोबर त्वचेवरून आलेला असावा, दखल घेण्याचे कारण नाही. हृदयतज्ज्ञ म्हणाले, "काळजीचं दिसत नाही. राहिलेल्या गोळ्या संपवा, मग बघू." वहिनींनी सुटकेचा श्वास सोडला. त्याच संध्याकाळी दादाला पुन्हा ताप चढला.

तेव्हा वहिनींनी फाइल उचलली आणि तिसरा मजला चढल्या. मी मागोमाग होतो.

बाईंनी उभ्या उभ्याच अहवाल वाचला. मग त्या खुर्चीत बसल्या आणि पुन्हा वाचला. "झडप बदललेली आहे हे रक्त पाठवताना चिठ्ठीवर कुणी लिहिलं नव्हतं का?" त्यांनी विचारले. आम्हाला काय माहीत? "शेवटची गोळी कधी घेतली?"

"सकाळी. आत्ताची जेवणानंतर द्यायची आहे," वहिनी म्हणाल्या.

"ती देऊ नका."

"बरं. मग कुठली देऊ?"

"कुठलीच नाही. उद्या सकाळी त्यांना घेऊन या, मी वॉर्डात असेन. दाखल करून घ्यायचं, आणि गोळी बंद ठेवायची."

वहिनी भडकल्या. "अंगात ताप आणि गोळी बंद? अहो, लोक औषध घ्यायला डॉक्टरकडे जातात, असलेलं सोडायला नाही! काकू म्हणतात ते खोटं नाही. तुमचं सगळं कागदावर. माणूस तापानं फणफणतोय आणि तुम्ही बाटल्यांचा विचार करताय!"

"बाटल्यांचाच करतेय," बाई म्हणाल्या. "वहिनी, ऐका. या गोळ्यांनी जंतू मरत नाही, दबतो. दबलेला जंतू रक्तात सापडत नाही. सापडला नाही तर कुठलं औषध द्यायचं ते कळत नाही. आपण प्रत्येक वेळी त्याला लपायला मदत करतोय."

"तुमचा सख्खा भाऊ असता तर केली असती गोळी बंद?"

"सख्खा असता तर तुम्हाला विचारलं नसतं. पाकीट हातातून काढून घेतलं असतं."

वहिनी फाइल घेऊन तरातरा खाली उतरल्या. मी त्यांच्या मागे निघालो, तेव्हा वेताच्या खुर्चीतून आवाज आला. कानामात्रा लेकीकडे बघत होते. "ही तीच ओळ का गं?" त्यांनी विचारले. बाई म्हणाल्या, "हो, अण्णा. तीच." बाईंचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

ती ओळ कोणती, हे अण्णांनीच मला दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या बाकावर सांगितले. ते आपणहून आमच्यासोबत आले होते. बाईंच्या सर्व लेखांत एक लेख फार गाजलेला होता. रक्त काढताना सुईबरोबर कातडीवरचा जंतू बाटलीत जातो आणि उगवतो. तो खरा समजून पूर्वी धडधाकट माणसांना आठवडेच्या आठवडे जबर औषधे देत, क्वचित कुणाची छातीही उघडत. बाईंनी शेकडो रुग्णांचे निकाल तपासून नियम मांडला: त्वचेवरचा जंतू एकाच बाटलीत उगवला, तर त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. त्या नियमाने कितीतरी लोक विनाकारणच्या औषधांपासून वाचले. कितीतरी रुग्णालयांनी तो उचलला, भिंतीवर लावला. बाईंचे नाव झाले ते त्या लेखाने.

"मूळ लेखात शेवटाला आणखी एक ओळ होती," अण्णा म्हणाले. "ज्यांच्या हृदयात बसवलेली झडप आहे, त्यांना हा नियम लावू नये, कारण असे रुग्ण या अभ्यासात फार थोडे आहेत. संपादकांनी कळवलं, लेख लांबलाय, शब्द कमी करा. हिनं इकडचं तिकडचं कापलं, तरी थोडे उरले. मग ती ओळ कापली. वाटलं, तज्ज्ञ लोक आहेत, त्यांना एवढं कळेलच. छापून आल्यावर मी विचारलं, 'ही ओळ कुठे गेली?' म्हणाली, 'जागा नव्हती.' मी म्हटलं, जागा नसली तर टाइप बारीक करतात, बाळ, ओळ गाळत नाहीत." मग ते म्हणाले, "हिची आई अशाच तापात गेली. तिचीही झडप अधू होती. गोळ्यांवर गोळ्या दिल्या आम्ही. कसला जंतू होता, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. म्हणून तर ही या कामात पडली."

दादाचे काय होणार आहे, ते त्या बाकावर मला पहिल्यांदा नीट कळले. झडपेवर खरोखरच जंतू बसला असेल आणि तो ओळखता आला नाही, तर झडप सैल पडणार होती. मग पुन्हा छाती उघडणे, आणि दुसऱ्यांदा उघडलेली छाती दरवेळी मिटतेच असे नाही.

वॉर्डात तरुण हृदयतज्ज्ञ बाईंना अदबीनेच पण ठामपणे सांगत होते, "मॅडम, एकाच बाटलीत आहे. नियमाप्रमाणे दखल घ्यायची नाही. याला दाखल करून गोळ्या बंद करणं मला धोक्याचं वाटतं. या विषयावरचा मुख्य लेखच तसं सांगतो. आम्ही शिकत होतो तिथे तो पाठ करून घेत."

"पाठ केलात ते चांगलं झालं," बाई म्हणाल्या. "लिहिला मी आहे. आणि अपुरा लिहिला आहे."

हृदयतज्ज्ञांनी वॉर्डाच्या भिंतीवर लावलेल्या त्याच नियमाखालच्या नावाकडे पाहिले, मग बाईंकडे. ते बिचारे चाचपडले. "म्हणजे... मी चुकलो का?"

"तुम्ही नाही चुकलात. छापलेलं तुम्ही वाचलंत. न छापलेलं कसं वाचणार? झडप बसवलेल्या माणसाबाबत त्या एका बाटलीकडे काणाडोळा करायचा नसतो. तेवढं सांगायचं मी कापून टाकलं." आणि मग, आवाज न चढवता, "याला ठेवून घ्या. बिघडलं तर माझं नाव सांगा."

"नाव कशाला सांगू? ठेवून घेतो," ते म्हणाले. एवढ्या लोकांसमोर, नव्या नोकरीत, आपले मत असे सहज बदलणारा तरुण माणूस आम्हाला भेटला, हेही आमचे भाग्यच म्हणायचे.

दादाची गोळी बंद झाली. बिघाड दिसला तर लगेच औषध सुरू करायचे, म्हणून परिचारिका सतत त्याच्यावर नजर ठेवून होत्या. तापाने उचल खाल्ली. दादा खाटेवर थरथरत पडे, आणि वहिनी पदराचे टोक मुठीत धरून बसत. बाई आल्या की वहिनी भिंतीकडे तोंड करीत. दादाची थट्टा मात्र चालूच होती. "सगळ्यांना औषध मिळतंय, मला काहीच नाही. मी इथला बिनपगारी पेशंट," तो म्हणे. समोरच्या भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "यातला 'ता' बघ, कधी पडेल नेम नाही. बरा झालो की आधी याला आधार देतो."

"आधी बरे व्हा," वहिनी फणकारल्या. "त्या बाईच्या शब्दावर जीव टांगून ठेवलाय नुसता. एक शब्द धड गोड बोलत नाही ती."

"म्हणूनच," दादा म्हणाला. "गोड बोलून गोळ्या खाल्ल्या की आपण. काय झालं? ही बाई पाटी लावत नाही, गिऱ्हाईक बोलवत नाही, मला खूश करून तिला काय मिळणार आहे? ती थांब म्हणते तर मी थांबतो."

वहिनींनी पिशवीतले गोळ्यांचे पाकीट काढून माझ्या हातात दिले. "तुमच्याकडे ठेवा, भावजी. माझ्याकडे राहिलं तर मी देऊन बसेन." मला आजही वाटते, त्या आजारातले सर्वांत अवघड काम त्यांनी तेव्हा केले.

रक्त काढायला बाई स्वतः आल्या. एकदा या हातातून, नंतर त्या हातातून, मग काही वेळाने पुन्हा. कातडी पुसून झाल्यावर परिचारिकेने सवयीने फुंकर घातली, तशा बाई म्हणाल्या, "फुंकू नको. तुझ्या तोंडातले जंतू मला नको आहेत, यांचे हवे आहेत. आपोआप वाळू दे." चिठ्ठीवर त्यांनी लाल अक्षरांत लिहिले: 'कृत्रिम झडप.' सगळ्या बाटल्या भरल्यावरच शिरेतून औषध सुरू झाले. पण ते अंदाजाचे होते. नेमके कुठले आणि किती काळ द्यायचे, हे बाटल्याच सांगणार होत्या.

बाटल्या काही बोलेनात. प्रयोगशाळेत बाटल्या ठेवायची एक मुदत असते. तोवर काही उगवले नाही, तर त्या फेकतात, कारण कपाटात जागा लागते. ती मुदत संपली. विभागप्रमुख, बाईंचे वरिष्ठ, कपाट उघडून म्हणाले, "अहो, किती दिवस उबवणार ही अंडी?"

"पिल्लू बाहेर येईपर्यंत," बाई म्हणाल्या.

"आणि नाहीच आलं तर?"

"तर मी पेंटरच्या बायकोला तोंड दाखवणार नाही. पण हा जंतू आळशी आहे, साहेब. एरवी दिसत नाही तो त्यामुळेच. आपण घाईनं फेकतो आणि मग म्हणतो, नव्हताच."

त्यांनी बाटल्यांवर 'फेकू नये' अशी पट्टी चिकटवली. पाकिटात पान बाळगणारा शिपाई रोज येता-जाता त्या कपाटापाशी थांबे आणि आम्हाला बातमी आणी. "अजून नितळ." "आजही नितळ." आणि मग एका दुपारी तो वॉर्डात जवळजवळ धावत आला. "गढुळली!"

एक गढूळ झाली, तिच्यामागून दुसरी, मग एकेक करून सगळ्या. प्रत्येकीत तोच जंतू, तोच निरुपद्रवी म्हणून सोडून दिलेला. हृदयतज्ज्ञांनी लगेच घशातून नळी उतरवून हृदयाचे चित्र मागच्या बाजूने घेतले. झडपेच्या कडेला, धातूच्या सावलीआड, दाण्याएवढी गाठ दिसली. झडप अजून घट्ट होती. "आणखी थोडं थांबलो असतो तर..." ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडले.

निकाल सांगायला बाई स्वतः आल्या. "सगळ्यांत तोच आहे. याला साधं, जुनं औषध लागू पडतं. छाती उघडावी लागेल असं आत्ता वाटत नाही." वहिनींनी उठून त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. बाई अवघडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, हात धुऊन घ्या. मी सरळ प्रयोगशाळेतून आलेय." तेव्हा वहिनी रडता रडता हसल्या. दादाच्या आजारात त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या.

औषध पुष्कळ आठवडे चालले. ताप गेला, तो परत आला नाही. गोष्ट दादापुरती इथे संपली, बाईंची नाही.

त्यांनी जुने अहवाल काढले. आपल्या नियमामुळे झडप बदललेल्या किती जणांना 'दखल घेण्याचे कारण नाही' म्हणून घरी पाठवले गेले, हे शोधले. काहींचे पत्ते मिळाले. त्यांना बोलावून तपासले. काही सापडले नाहीत. न सापडलेल्यांविषयी बाई कुणाशीही बोलत नाहीत. मग त्या विभागप्रमुखांकडे गेल्या आणि म्हणाल्या, त्या लेखाला मला शुद्धिपत्र जोडायचे आहे.

"शुद्धिपत्र? स्वतःच्याच लेखाला?" ते चकित झाले. ते वाईट गृहस्थ नव्हते, बाईंचे भलेच बघत होते. "अहो, नवा लेख लिहा. या रुग्णावरच लिहा, उत्तम होईल. त्यात ही गोष्ट सावकाश घाला. तुमच्या नावावर एक लेख वाढेल. शुद्धिपत्रानं आहे तो डागाळेल. अर्ध्या जगानं उचललेला नियम आहे तो!"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "नवा लेख नवे लोक वाचतील. जुना ज्यांनी पाठ केलाय, त्यांना कोण सांगणार?"

हे बोलणे बाईंनी घरी अण्णांना सांगितले, तेव्हा मी त्यांच्याकडेच होतो. दादाच्या आजारानंतर आमचे वर जाणे वाढले होते. अण्णा खुर्चीत ताठ बसले. "आमच्या छापखान्यात शुद्धिपत्राची लाज वाटणारे लेखक येत," ते म्हणाले. "म्हणायचे, मागे कुठेतरी घाला, कुणाच्या नजरेत येऊ नये असं. मी ते पहिल्या पानाआधी चिकटवायला लावायचो. वाचणाऱ्याला चूक भेटायच्या आधी दुरुस्ती भेटली पाहिजे. चूक कुणाकडूनही होते गं. पण माहीत झाल्यावर शुद्धिपत्र लावलं नाही, तर ती मुद्दाम छापली असं होतं."

शुद्धिपत्र जेमतेम अर्ध्या पानाचे होते. गाळलेली ओळ जशीच्या तशी दिली होती. ती संपादकांनी नव्हे तर लेखिकेने स्वतः गाळली, असे स्पष्ट लिहिले होते. नियतकालिकाने ते जुन्या लेखाच्या माथ्यावर जोडले. आता तो लेख उघडला की आधी तेच दिसते. काही ठिकाणांहून बोचरी पत्रे आली. पुष्कळ ठिकाणांहून 'भिंतीवरचा नियम बदलला' एवढेच कळवणारी आली. बाईंनी ती दुसऱ्या प्रकारची पत्रे चिमट्याने एकत्र बांधून ठेवली आहेत. लेखांच्या गठ्ठ्यांत तो गठ्ठा सर्वांत जाड नाही, पण टेबलावर हाताशी असतो.

शुद्धिपत्राखाली आभार मानायची रीत नसते. बाईंनी तिथेही मानले. परिचारिका, शिपाई, तरुण हृदयतज्ज्ञ. त्यानंतर, "औषधावाचून थांबलेल्या एका पाटी रंगवणाऱ्याचे आणि त्याला थांबू देणाऱ्या त्याच्या पत्नीचे." आणि शेवटी, "ही ओळ का गाळली, असे विचारणाऱ्या माझ्या वडिलांचे." छापलेले पान आले त्या दिवशी अण्णांनी पट्टी घेतली, भिंग घेतले, आणि नेहमीप्रमाणे वाचायला सुरुवात केली. शेवटच्या वाक्यापाशी पट्टी थांबली. बराच वेळ सरकली नाही. मग त्यांनी लाल पेन्सिल उचलली, एका स्वल्पविरामाभोवती गोल केला आणि चष्मा पुसत म्हणाले, "हा इथे नको होता." बाई म्हणाल्या, "बरं, अण्णा."

दादा पुन्हा शिडीवर चढू लागला, तेव्हा पहिली पाटी त्याने कुणालाही न विचारता रंगवली. ती कापडात गुंडाळून तो तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेला. मागे वहिनी, त्यांच्यामागे मी, आणि काय चाललेय ते बघायला, गुडघे धरत, तळमजल्यावरच्या काकूही. दादाने कापड काढले. गडद निळ्यावर पांढरी अक्षरे: 'कागदी डॉक्टर.' वर शिरोरेषा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तसूभरही न हललेली. काकूंना ठसका लागला. अण्णांनी भिंग लावून पाटी तपासली आणि जाहीर केले, "शुद्ध आहे. लावायला हरकत नाही."

"बाहेर नको," बाई म्हणाल्या. "आत लावा." दादाने ती टेबलासमोर, कागदांच्या फळीवर ठेवली. काही क्षण कुणी बोलले नाही. त्या शांततेत दादाच्या छातीतली टिकटिक सगळ्यांना स्पष्ट ऐकू आली. वहिनींनी डोळे मिटून घेतले. एवढ्याशा आवाजाबद्दल आम्ही किती जणांचे ऋणी आहोत, याचा हिशेब माझ्या मनात त्या वेळी लागेना, आणि आजही लागत नाही.

शांतता दादालाच सोसवली नाही. तो वळून म्हणाला, "काय काकू, विचारायच्या ना तुम्ही, कागदानं कधी कुणी बरं झालंय का? हा घ्या, तुमच्यापुढे उभा आहे!"

काकू कानकोंड्या होऊन हसल्या. बाईंनी मात्र टेबलावरच्या कागदातून मान वर केली.

"उगाच काही सांगू नका त्यांना. कागदानं तुम्ही मरत होतात, पेंटर. बरे झालात ते माझं न वाचता ऐकलंत म्हणून."